एक रात्र, दोनदा

(मंडळाच्या युवा विभागापुढे गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वाचनालयाची दोन कपाटे आम्ही सांभाळतो, एवढ्याच अधिकारावर आम्हाला आज येथे उभे केले आहे. शिक्षणाने आम्ही सिव्हिलचे डिप्लोमाधारक, नोकरी राज्य सरकारची. फूट, मीटर आणि क्युसेक ही आमची रोजची भाषा. साहित्याचे समीक्षक आम्ही नाही. पण यंदा मे महिन्याच्या सुटीत कॉलेजातली चार-पाच मुले कपाटापुढे येऊन म्हणाली, "काका, एकच रात्र दोनदा जगणाऱ्या विद्यार्थ्याची थरारकथा मराठीत आहे का?" असे पुस्तक आमच्या कपाटात नव्हते. मुले इंग्रजी पुस्तक मोबाईलवर वाचायला निघून गेली. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळत होता, तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी हा प्रकार काय आहे ते ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजी प्रकाशकांनी 'न्यू अडल्ट' नावाचे एक नवे खाते उघडले आहे. 2009 साली अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेसने हे नाव प्रथम वापरले. शाळा संपलेली, नोकरी-संसार सुरू न झालेला, वय अठरा ते पंचविशीच्या आसपास; घर सोडून होस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीवर राहणारी मुले, ही या पुस्तकांची पात्रे आणि हेच वाचक. त्यातल्या थरारकथांत एक युक्ती फार चालते. नायिका एका रात्री काहीतरी भयंकर पाहते, झोपते किंवा मरते, आणि डोळे उघडते तर तीच संध्याकाळ पुन्हा समोर. लॉरेन ऑलिव्हरची 'बिफोर आय फॉल' ही 2010 सालची कादंबरी याच जातीची, फक्त तिची नायिका अजून शाळेत आहे. ती आपला शेवटचा दिवस सात वेळा जगते.

सिनेमावाल्यांनी ही युक्ती त्याआधीच हाताळली होती. 1993 च्या 'ग्राउंडहॉग डे'मध्ये एक हवामानवाला 2 फेब्रुवारी या एकाच दिवसात अडकतो. 1998 च्या जर्मन 'रन लोला रन'मध्ये वीस मिनिटे तीनदा येतात, आणि त्यावरूनच आपल्याकडे 2022 साली 'लूप लपेटा' झाला. 2025 चा 'भूल चूक माफ' तर तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिलाच असेल. त्यात वाराणसीतल्या नवरदेवाची हळद काही केल्या संपत नाही.

आमचे मत विचाराल तर दिवस शंभर वेळा आला की भीती निघून जाते. आज चुकले तर उद्या पुन्हा आहेच! मग ती तालीम होते, आणि तालमीत विनोद चांगला होतो, थरार होत नाही. दोनदा म्हटले की हिशेब बदलतो. पहिली रात्र अजाणतेपणी गेली, दुसरी हातात आहे, तिसरी येणार नाही. आपल्या एटीकेटीच्या परीक्षेसारखेच हे आहे म्हणा ना. हसू नका, मागच्या रांगेतल्यांनी तर मुळीच हसू नका.

आता कोणी म्हणेल की हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे. तसे नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असलेली नायिका आपल्या घरात दरवर्षी वडाला सूत गुंडाळताना आठवली जाते. वनपर्वातली सावित्री आठवा. सत्यवान बरोबर एका वर्षाने मरणार हे नारदाने आधीच सांगितले होते. सावित्री लग्न करून सासरी गेली, आणि ही गोष्ट तिने तिथे कोणाला सांगितली नाही. वर्षभर स्वयंपाक, सासूसासऱ्यांची सेवा, आणि मनात दिवस मोजणे. शेवटी तीन रात्रींचे व्रत, आणि त्या दिवशी हट्टाने त्याच्याबरोबर अरण्यात जाणे. सत्यवान कुऱ्हाड घेऊन निघतो, त्याला काही ठाऊक नाही. तिला सगळे ठाऊक आहे, आणि ऐकणाऱ्यालाही. या प्रसंगाचा ताण कशातून येतो? पुढचे कळलेले आहे यातूनच येतो. यम आल्यावरचा संवाद सगळ्यांच्या लक्षात राहतो. आम्हाला मात्र ते आधीचे वर्ष जास्त भयंकर वाटते.

मराठीत अशा दुहेरी वेळेची खरी कथा कोणती, असे विचाराल तर आम्ही डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'कडे बोट दाखवू. नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ टोपणनावाने स्पर्धेत उतरतो आणि पहिले बक्षीस मिळवतो, हीच एक गोष्ट होईल.

त्या कथेतले गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक आहेत. पानिपताचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना ट्रकची धडक बसते, आणि ते वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत, पण मुंबईवर अजून ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य आहे. आता इथे साधा लेखक असता तर त्याने पंतांना लढाईवर पाठवले असते. नारळीकर त्यांना ग्रंथालयात पाठवतात! पंत टाऊन हॉलमधल्या ग्रंथालयात आपणच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून वाचत बसतात. नेमके कुठे सगळे बदलले? 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुसऱ्या जगात कानाला चाटून गेली. एवढाच फरक.

मग पंत आझाद मैदानावर एका सभेला जातात. मंचावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. सभा अध्यक्षाशिवाय चाललेली पाहून या माणसाला राहवत नाही. नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेला माणूस तो! जाऊन बसतात, बोलायला लागतात, आणि त्या जगातले श्रोते त्यांना जे काय फेकून मारतात ते कथेतच वाचा. (आमचे अध्यक्ष महोदय खुर्चीत सावरून बसलेले दिसतात. त्यांनी निश्चिंत असावे.) शुद्धीवर येतात ते आपल्या जगात. दोन दिवस कुठे होतात, याला त्यांच्याकडे उत्तर नाही. पुरावा म्हणून खिशात बखरीचे एक फाटके पान आहे, आणि त्या पानावर विश्वासराव वाचलेले आहेत.

हे पान आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. ते नसते तर पंतांचे बोलणे म्हणजे अपघातात डोक्याला मार लागलेल्याची बडबड ठरली असती. दुसरे काही पाहून आलेल्या माणसाची पहिली अडचण हीच असते, की सांगायचे कोणाला आणि कशाच्या जोरावर? इंग्रजी थरारकथा इथे घाई करतात. नायिका दुसऱ्या रात्री धावत सुटते, दारे तोडते, खुन्याला गाठते. तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, हा प्रश्न दोन पानांत उरकलेला असतो. आमच्या मते पुस्तक तिथे असते. ही कथा सीबीएसईच्या मुलांसाठी अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजी पुस्तकातही घेतली गेली, तेव्हा तुमच्यातल्या काहींनी ती इंग्रजीत वाचली असेल. मूळ मराठीत वाचा, ती आमच्या कपाटात आहे.

विद्यार्थी आणि रहस्य या दोन्ही गोष्टी एकाच मराठी लेखकाकडे होत्या, ते म्हणजे सुहास शिरवळकर. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी, अमर विश्वास ही त्यांची थरारमालिकांतली माणसे. आणि कॉलेजच्या कट्ट्यावरची 'दुनियादारी' ही कादंबरीही त्यांचीच, 1982 सालची. कट्टा एका पुस्तकात राहिला आणि थरार दुसऱ्यात. दोन्ही एकत्र करायचे काम राहून गेले, असे आम्ही म्हणतो.

ते काम सुरतेत का होऊ नये, हे आता सांगतो. आमच्या भाषणाचा हाच मुख्य भाग आहे, आधीचे सारे प्रास्ताविक समजा.

सुरतेत पुराला 'रेल' म्हणतात. इथल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो आयुष्याचा हिशेब रेलीने सांगतो. 1968 ची रेल, 1998 ची रेल, 2006 ची रेल. 1968 साली उकाई धरण झालेले नव्हते, ते 1972 साली पूर्ण झाले. त्या वर्षी तापीला 15 लाख क्युसेकच्या आसपास पाणी आले. 1998 च्या सप्टेंबरात 7 लाखांच्या जवळपास. आणि 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेले पाणी 9 लाख क्युसेकच्या वर गेले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. म्हणजे दर सेकंदाला अडीच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे अडीच हजार टँकर एका सेकंदात ओतले, आणि पुढच्या सेकंदात पुन्हा तितकेच, अशी कल्पना करा. होप पुलाजवळ धोक्याची पातळी साडेनऊ मीटर आहे. त्या वेळी पाणी 12 मीटरच्या वर गेले. त्यात पौर्णिमेची भरती, त्यामुळे समुद्र पाणी आत घेईना. 7 तारखेपासून पाणी शिरले. अडाजण, रांदेर, अठवा लाइन्स, कतारगाम, शहराचा बहुतेक भाग पाण्यात गेला. वीज गेली, फोन गेले, पिण्याचे पाणी नाही, हेलिकॉप्टरमधून खाण्याची पाकिटे. हे तीन-चार दिवस ज्यांनी गच्चीवर काढले त्यांच्यापैकी बरेच जण आज या मंडपात बसले आहेत. त्यांना आम्ही काय सांगणार? असे का झाले यावर पुष्कळ वाद झाले. आम्ही सरकारी नोकर, त्या वादात शिरत नाही. आम्हाला आज कथेपुरतेच पाणी हवे आहे.

मंडळी, आपण बहुतेक खानदेशातले. जळगाव, धुळे, नंदुरबार. तापी मुलताईला उगम पावते, ती आधी आपल्या गावांवरून जाते. आधी भुसावळ, मग प्रकाशा, मग उकाई, मग काकरापार, आणि शेवटी आपण. हतनूरच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले, हे भुसावळच्या मामांना आज कळते. त्यातले पाणी आपल्याकडे नंतर येते. म्हणजे सुरतेच्या मराठी माणसाच्या घरी उद्याची रात्र आजच फोनवर येत असते. एकदा तिकडे घडते, एकदा इकडे. एकच रात्र दोनदा जगण्याची ही युक्ती आपल्याला कुठून उसनी आणावी लागत नाही. आपल्या घरातच आहे.

तर आमच्या डोक्यात एक मुलगी आहे. वय वीस. गाव नंदुरबारकडचे, शिकायला सुरतेत, अडाजणला एका गुजराती बांच्या घरी तळमजल्यावर खोली. तारीख 7 ऑगस्ट 2006, सोमवार. बुधवारी, 9 तारखेला, राखीपौर्णिमा आहे. धाकटा भाऊ ताप्ती लाइनच्या गाडीने येणार आहे. पहिल्या रात्री ती त्याला फोन करून म्हणते, "ये रे, इथे काही नाही, पाऊससुद्धा पडत नाही." हे अगदी खरे असते, बरे का. रेल येते तेव्हा सुरतेत पाऊस असलाच पाहिजे असे नाही. पाऊस वर पडलेला असतो. मग मध्यरात्री गटाराच्या जाळीतून पाणी उलटे वर येऊ लागते. पुढचे आम्ही सांगत नाही. एवढेच, की पहाटेपर्यंत बा राहत नाहीत, आणि भावाचा पत्ता लागत नाही.

आणि तिचे डोळे उघडतात तर पुन्हा सोमवार, संध्याकाळचे सात.

आता तिच्याजवळ काय आहे? मोबाईलमध्ये बॅलन्स नाही. कोपऱ्यावर एक रुपयाचा डबाफोन आणि पर्समध्ये चार नाणी. चार फोन. कोणाला करायचे? एक भावाला, हे ठरलेले. तो हसतो. "ताई, सकाळी तूच ये म्हणालीस ना?" दुसरा भुसावळच्या मामांना, खरेच किती पाणी सुटले आहे ते विचारायला, कारण तिला आकडा हवा आहे. नुसते 'मला ठाऊक आहे' म्हणणाऱ्या मुलीचे कोणी ऐकत नाही, आकडा सांगणारीचे निदान अर्धे ऐकतात. गंगाधरपंतांच्या खिशातले पान ते हेच. उरली दोन नाणी. ती कुठे जातात यावर तुमची कादंबरी उभी राहील.

बांचे काय? बा तिच्यावर अविश्वास दाखवत नाहीत. त्या भिंतीकडे बोट दाखवतात. तिथे 1998 च्या पाण्याची खूण आहे. "दीकरी, त्या वर्षी एवढे आले होते, पलंगाच्या खाली. पलंगावर बसू." आमच्या ओळखीच्या किती घरांत 2006 साली हेच बोलले गेले! मागच्या पाण्याची खूण बघून लोक पुढच्या पाण्याची तयारी करतात. बांना समजावायचे म्हणजे त्यांच्या स्वतःच्या आठवणीविरुद्ध त्यांना उभे करायचे. वीस वर्षांच्या, दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या भाषेच्या भाडेकरू मुलीने. खुन्याला पकडणे यापेक्षा सोपे असेल.

यात आणखी एक सोय आहे, तीही लेखकांनी ध्यानात घ्यावी. खुनाच्या कथेत नायिका दुसऱ्या रात्री वेगळी वागली की खुनीही वेगळा वागतो, म्हणजे तिला ठाऊक असलेले सारे फुकट जाते आणि लेखकाला हवे ते करता येते. नदीचे तसे नाही. तुम्ही काय करता याची तापीला पर्वा नाही. पाणी त्याच मिनिटाला त्याच जाळीतून वर येणार. बदलणार ती माणसे. तिने बांना वरच्या मजल्यावर नेले, तर पहिल्या रात्री तिथे ज्यांना जागा मिळाली होती त्यांचे काय? तिने भावाला यायचे नाही म्हणून बजावले आणि तो रागाने रात्रीच्याच गाडीने निघाला तर? एकाला वाचवताना दुसरा तिच्या हातून पाण्यात जातो आहे, हे तिला कळते आणि घड्याळ चालूच राहते. हा थरार आम्हाला हवा आहे. शेवट गोड करा की कडू, ते तुम्ही ठरवा. पण दोन्ही रात्रींच्या शेवटी सगळे वाचले असे लिहिलेत तर आम्ही ते हस्तलिखित परत देऊ.

लिंबायत, पर्वत पाटियाकडची मुले म्हणतील, काका, आमच्याकडे तापी नाही, खाडी येते. बरोबर आहे. मिठी खाडीचे पाणी 2025 च्या जूनमध्येही घराघरांत शिरले. खाडीपुराला तर उकाईची सूचनाही नसते. वरच्या भागात पाऊस पडला की काही तासांत पाणी दारात. मग तुमची गोष्ट आणखी तोकडी, आणखी घाईची होईल. चार नाणी नाहीत, एकच.

भाषेबद्दल थोडे. पुण्याच्या मराठीत लिहायला जाऊ नका. मुलीची आई फोनवर अहिराणीत बोलेल, बा गुजरातीत बोलतील, आणि रेल ही रेलच राहील, तिचा 'जलप्रलय' करू नका. तुमच्यातले काही महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले आहेत, काही इंग्रजी माध्यमात. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघून घेऊ. वर्षे आणि आकडे मात्र तुम्ही नीट तपासून लिहा. उकाईची पूर्ण पातळी 345 फूट, हे सुरतेत रिक्षावाल्यालाही पाठ असते. तिथे चुकलात तर पुस्तक पहिल्या पानावर मिटेल.

आणि ज्येष्ठ मंडळींना एक विनंती. या मुलांना त्या रात्रीचे विचारू द्या. पाणी किती वाजता आले, आधी काय उचलले, काय राहिले, कोणाचे दार वाजवले आणि कोणी उघडले नाही, हे सांगा. आमच्याकडे आकडे आहेत. जाळीतून पाणी वर येताना आवाज कसा येतो ते तुमच्याकडे आहे. त्या वेळी ही मुले पाळण्यात होती किंवा जन्मलीही नव्हती. त्यांना ती रात्र एकदाही मिळालेली नाही.

लिहिलेले दिवाळीपर्यंत वाचनालयात आणून द्या. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तिथे असतो. पहिली चाळीस पाने आम्ही वाचू, आणि पसंत पडली तर पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर लिहिणाराच ती वाचून दाखवेल.

दहाला पंधरा मिनिटे आहेत आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा आहे. त्याआधी कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. मागून हात वर झालेला दिसतो. बोल, बेटा.